तुटलेला स्क्रू आणि टोळीचं तेल

मागच्या वर्षी आमच्या बचत गटाच्या कार्यक्रमात एका बाईंनी माइकवर माझी ओळख करून दिली. "चैतीताई सहावीतून शाळा सोडून जंगलातून आल्या आणि वडशाच्या शेवंताबाईंनी त्यांना माणूस केलं," असं त्या बोलल्या. टाळ्या झाल्या. मी सवयीप्रमाणे उठून हात जोडले, खाली बसले, आणि बसल्यावर माझे कान तापले. माणूस तर मी एटापल्लीच्या पलीकडे आमच्या गावातच झाले होते, मायच्या पोटातून बाहेर आले तेव्हाच. वडशाला मी शिवणमशीन शिकले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ज्यांना त्या एकच वाटतात त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. शेवंताबाई आज असत्या तर त्यांनीच त्या बाईंच्या हातातला माइक काढून घेतला असता. त्यांचे उपकार माझ्यावर आहेतच. आजही सकाळी मशीनवरचं फडकं काढताना मी त्यांचं नाव घेते. पण उपकारांच्या ओझ्यानं मान इतकी वाकवायची नसते की समोरचं दिसेनासं होईल. हे मला ज्या एका सकाळी कळलं, ती सकाळ सांगते.

शेवंताबाईंचा भाऊ उन्हाळ्यात आमच्याकडे तेंदूपानाच्या फडीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथं, हिशेब ठेवणारा मुनशी म्हणून यायचा. माय पानांचे पुडे बांधायची आणि मी बाजूला बसून तिच्या लुगड्याला ठिगळ लावायचे. त्यानं माझा टाका पाहिला आणि मायला म्हणाला, "माझ्या बहिणीले अशीच पोरगी पाह्यजे, पाहा, हात किती बारीक चालते तिचा." आश्रमशाळा सोडून मला तेव्हा वर्ष झालं होतं. सोडण्यामागं मोठी गोष्ट काही नाही. माझ्या बाजूला झोपणाऱ्या मुलीला ताप आला, तिला घरी पोचवायला मी तिच्यासोबत निघाले, आणि परत गेलेच नाही. कोणी न्यायलाही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मायनं माझे दोन फ्रॉक एका पिशवीत भरले आणि बसमध्ये बसवताना एवढंच सांगितलं, "तिथं कोणाच्या डोळ्यात येऊ नको." हे वाक्य मी इतकं मनावर घेतलं की पुढची दोन वर्षं मी त्या घरात चालले ती भिंतीला धरून.

घर रेल्वेलाईनच्या अलीकडे, एका राईस मिलच्या मागं होतं. दिवसभर मिलचा घरघराट चालायचा आणि हवेत कोंडा उडायचा. दोरीवरची ओली साडी वाळेपर्यंत तिच्यावर पिवळसर थर बसायचा आणि शेवंताबाई मिलच्या दिशेनं तोंड करून रोज एकदा तरी शिव्या द्यायच्या. मिल बंद पडली की मात्र त्या बेचैन व्हायच्या, "काऊन व थांबली ही? कोणाले लागलं त नाई?" त्यांचे नवरे बळीरामभाऊ झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक व्हायचे. हिवाळाभर ते गावोगाव फिरायचे आणि घरी असले की अंगणात दाढी करता करता आवाज लावायचे. "तुझ्या रक्ताने मी हा वाडा रंगवीन!" असं ते ओरडले की शेजारची कोंबडी उडून कुंपणावर बसायची. शेवंताबाई चुलीपासून उत्तर द्यायच्या, "रंगवाल मंग, पयले गिलावा करा मागच्या भिंतीचा." असा हा खलनायक झुरळ दिसलं की पाटावर चढायचा. मी आले त्या पहिल्या दिवशी त्यांच्या राक्षसी हसण्यानं घाबरून मी धान्याच्या कोठीमागं लपले होते. त्यांनी मला बाहेर काढण्यासाठी किती वेळ खाली बसून मनधरणी केली, ते आठवलं की मला आजही गलबलून येतं.

जेवण चांगलं असायचं. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, थंडीत लाखोळीचीच कोवळी पालेभाजी, जवसाची चटणी, कधी सुकट आणि वांगं. वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकलेला. हे ताट माझ्या पुढं यायचं तेव्हा मला भुकेपेक्षा भीती जास्त वाटायची. मी दुसऱ्यांदा भात कधी मागितला नाही. शेवंताबाई वाढायच्या, मी "बस बाई, बस" म्हणायचे, त्या वाढतच राहायच्या, आणि प्रत्येक डावाबरोबर माझ्या अंगावर काहीतरी चढतंय असं मला वाटायचं. पिशवी मी कधी पूर्ण रिकामी केली नाही. एक फ्रॉक त्यात घडी घालून ठेवलेला असायचा, म्हणजे कोणी "जा" म्हटलं तर उशीर नको. हा स्वभाव अजून गेलेला नाही. आता माझं मशीनदुरुस्तीचं दुकान आहे, तिथं गिऱ्हाइकाची मशीन परत देताना मी प्रत्येक स्क्रू तीनदा तपासते, आणि ती माणसं गेल्यावर पुन्हा त्यांना फोन करून विचारते, "चालून राह्यली न नीट?" माझा मुलगा हसतो. हसू दे.

पहिलं वर्ष मी फक्त काज, बटण आणि तुरपाई केली. मशीन एकच होती. काळी, वजनदार, पायडलची, अंगावरची सोनेरी वेल अर्धी पुसलेली. ती शेवंताबाईंच्या सासूची होती आणि तिच्यावर शेवंताबाईंशिवाय कोणी बसत नसे. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर नाटक कंपन्यांचे पोशाख यायला लागले तेव्हा कामाचा ढीग एवढा झाला की एके दिवशी दुपारी त्या कंबर धरून उठल्या आणि म्हणाल्या, "बस व चैते. सरळ शिवण मार. बोटं सांभाळ." मी बसले. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. पायाखालचं पायडल आणि डोळ्यासमोरची सुई एकाच वेळी माझं ऐकत होती. शाळेत सहा वर्षांत माझं कोणी इतकं ऐकलं नव्हतं.

आठवड्याभरात मशीनच्या तेलाची कुपी संपली. एवढीशी गोष्ट. "बाई, तेल संपलं" असं म्हटलं की झालं असतं. पण मला ते म्हणता येईना. एक तर मी बसल्यावरच ते संपलं होतं, म्हणजे मीच जास्त वापरलं असं त्यांना वाटेल. दुसरं, त्या दिवसांत त्यांना मान वर करायला वेळ नव्हता. आणि माझ्यापाशी तेल होतं की! मायनं बाजाराला येणाऱ्या एका माणसाबरोबर टोळीचं तेल पाठवलं होतं, बाटलीभर. टोळी म्हणजे मोहाची बी. आमच्याकडं तिचं तेल सगळ्याला चालतं. त्यात भाजी होते, त्याचा दिवा लागतो, ते केसांना लागतं, बाळाच्या अंगाला लागतं, बंडीच्या आसाला लागतं, दाराच्या बिजागरीलाही लागतं. बंडीला चालतं ते मशीनला का चालणार नाही? मी कुपी भरली. शटलमध्ये टाकलं, सुईखालच्या पट्टीवर टाकलं, जिथं जिथं भोक दिसलं तिथं टाकलं. मशीन अशी गुळगुळीत पळाली की शेवंताबाई स्वयंपाकघरातून बोलल्या, "आज मशीन गाऊन राह्यली व तुझ्या हाताखाली." मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मी कुपी चिंध्यांखाली सरकवली. पण नंतरचे दोन-तीन आठवडे काही झालं नाही, तेव्हा कुपी पुन्हा वर आली. मी रोज तेच तेल टाकत राहिले.

मग थंडी पडली. त्या भागातली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पहाटे गोठ्यातल्या जनावरांच्या नाकातून वाफा निघतात आणि खोबरेल तेल बाटलीत दगड होतं. एका कंपनीच्या राणीचा पोशाख दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जायचा होता. शेवंताबाई सकाळी मशीनवर बसल्या, त्यांनी चाकाला हात लावला आणि चाक हललंच नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काजाची सुई खाली ठेवली.

वामनमिस्त्रींना बोलावलं. ते सायकलवरून यायचे, मागच्या कॅरेजला पत्र्याची पेटी बांधलेली. आजूबाजूच्या सगळ्या मशीन त्यांच्याच हातच्या होत्या आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आधी चहा घेतला, मग मशीनची मुंडी मागं कलंडवली, खाली वाकून पाहिलं, आणि सुईखालची पट्टी काढायला पेचकस लावला. तिला दोन स्क्रू असतात. पहिला कुरकुरत निघाला. दुसऱ्याच्या खाचेत पेचकस बसत नव्हता, पातं जाड होतं. मला ते दिसत होतं. खाच घासली जात होती, पितळेसारखी चमकायला लागली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मिस्त्रींनी अंगाचा जोर लावला, टक्क आवाज झाला, आणि स्क्रूचं डोकं उडून माझ्या पायाशी पडलं. खालचा अर्धा भाग मशीनच्या लोखंडात, पृष्ठभागाशी अगदी सपाट, तसाच राहिला.

"गेलं," मिस्त्री म्हणाले. "गंजला होता साला. पाणी गेलं असन आत."

"मंग आता?" शेवंताबाईंनी विचारलं.

"आता काय. एका स्क्रूवर पट्टी बसणार नाई, हलन, सुई तिच्यावर आपटून आपटून तुटन. तो ठोंबा ड्रिल करा लागते. इथी ड्रिल केलं अन् आटे गेले त मुंडी भंगारात. नागपूरले पाठवा लागन पूर्ण. महिनाभर पकडा." त्यांनी हात पुसले आणि मग माझ्याकडं हनुवटी उडवली. "ही पोट्टी बसते ना मशीनवर? बाई, वाईट नका मानू, पण हे जंगलातले हात कुऱ्हाडीचे असते. त्याईले लोखंड म्हणजे फक्त मारायची वस्तू. शिकवाले गेल्या तुमी, पाहा."

शेवंताबाईंनी माझ्या पायाशी पडलेलं स्क्रूचं डोकं उचललं. मग त्या माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "चैते, उद्या माझा भाऊ एटापल्लीच्या बाजूनं जाऊन राह्यला. मशीन येईस्तोवर तू घरी राहून ये. इथी बसून काय करशीन?"

राहून ये, असं त्या म्हणाल्या. पण मला जे ऐकू यायचं तेच ऐकू आलं. पिशवीतला एक फ्रॉक घडी घालून तयारच होता. त्यावर दुसरा ठेवला की झालं. आणि मी खरंच वळले होते. रडू वगैरे येत नव्हतं. ज्याची भीती वाटत होती ते एकदाचं झालं, म्हणून सुटल्यासारखंच वाटत होतं. वळताना मी सवयीनं खाली पडलेला पहिला स्क्रू उचलला, जो नीट निघाला होता तो. त्याच्या आट्यांत पिवळट, घट्ट काहीतरी भरलं होतं. गंज लाल असतो. मी ते नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, बोटांच्या उबेनं ते पातळ झालं आणि त्याचा वास आला.

तो वास आमच्या घरातला होता. थंडीच्या दिवसांत माय तेलाची बाटली चुलीच्या बाजूला ठेवायची, कारण टोळीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं. आणि इथं तर त्यात कापसाचे तंतू, कोंडा, धूळ मिसळून त्याची लाख झाली होती.

मला सगळं एकदम कळलं. चूक माझीच होती, पण मिस्त्री सांगत होते ती ही चूक नव्हती. गप्प राहिले असते तर "पाणी गेलं, गंजला" एवढ्यावर निभावलं असतं. बोलले तर गुन्हा माझ्या नावावर पक्का. पण ज्याला ते गंज म्हणत होते ते गंज नव्हतं, म्हणून मशीन महिनाभर नागपूरला पाठवायचंही काही कारण नव्हतं. आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. कुऱ्हाडीच्या हातांना. आज मला विचाराल तर सांगते, त्या क्षणी मला खरं बोलायचा पुळका आला नव्हता. मला राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदा भीतीपेक्षा मोठा राग.

"हे गंज नाई," मी म्हणाले. आवाज फाटला. "टोळीचं तेल आहे. मी टाकलं. मशीनचं संपलं होतं म्हणून मी टाकत होती."

मिस्त्री मोठ्यानं हसले. "अगे माय! भाजीचं तेल? कांदे नाई टाकले व वरून?"

"थंडीनं गोठलं ते. गरम केलं त सुटन. मी टाकलं, मीच काढीन."

"तू काढशीन? मी वीस वर्ष झाले—"

"तुमी तोडला," मी म्हणाले. "पेचकस मोठा होता तुमचा. मले दिसत होतं."

बळीरामभाऊ आदल्या रात्रीच्या प्रयोगाहून येऊन आत झोपले होते. ते दारात येऊन उभे राहिले, डोळ्यांत काजळ तसंच. शेवंताबाईंचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं त्या आता थापड मारतील. त्यांनी विचारलं, "गरम कशानं करशीन?"

"इस्त्रीनं."

त्या आमच्या कोळशाच्या इस्त्रीकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज त दिवस गेलाच आहे. कर."

मी चुलीतले निखारे इस्त्रीत भरले. इस्त्रीचं टोक ठोंब्याच्या बाजूला मशीनच्या अंगावर टेकवलं आणि धरून बसले. बळीरामभाऊ न सांगता खाली बसले आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले. थोड्या वेळानं मशीनच्या काळ्या रंगाला फोड आला. सोनेरी वेलीचं एक पान करपलं. शेवंताबाईंनी श्वास आत ओढलेला मी ऐकला, पण इस्त्री उचलली नाही. मग आटे जिथं लोखंडाला भिडतात तिथून पिवळं तेल पाझरायला लागलं आणि सगळ्या खोलीत मोहाचा वास पसरला. मी इस्त्री बाहेर अंगणात नेऊन ठेवली, कारण रॉकेल आणि निखारा एका ठिकाणी नको, आणि मग कापसाच्या बोळ्यानं ठोंब्यावर रॉकेलचे चार थेंब सोडले. पुसलं. पुन्हा इस्त्री. पुन्हा रॉकेल. असं किती वेळा ते मी मोजलं नाही.

मिस्त्री गेले नव्हते. उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होते. "वाह, मुंडीले शेक देऊन राह्यली. बाळंतीण आहे का ते?" ते म्हणाले. मी त्यांच्याकडं पंच मागितला, ठोकायची लहानशी टोकदार छिनी असते ती. "माझे हत्यार मी कोणाच्या हातात देत नाई," ते बोलले. मी कोठीच्या खिळ्याला अडकवलेलं दाभण काढलं, धानाची पोती शिवायचं. त्याचं टोक ठोंब्याच्या मधोमध न लावता कडेला लावलं, तिरपं, स्क्रू ज्या बाजूनं सैल होतो त्या बाजूला ढकलेल असं. आणि कात्रीच्या मुठीनं हलकेच टक टक टक. दाभण वाकलं. सरळ केलं. पुन्हा टक टक. ठोंब्याच्या कडेवर बारीकसा खड्डा पडला, म्हणजे आता टोक घसरणार नव्हतं. पण तो हलतोय की नाही हेच कळेना. दिसायला तो बाजरीच्या दाण्याएवढा. डोळे फाडून पाहिलं तरी जागचा जागी.

तेव्हा मला खडू सुचला. कापडावर माप आखायचा शिंप्याचा खडू. मी त्याला धार काढली आणि ठोंब्यावरून मशीनच्या अंगावर जाणारी एक सरळ बारीक रेघ ओढली. ठोंबा केसभर जरी फिरला तरी रेघ मोडेल. आज दुकानात माझ्याकडं तऱ्हेतऱ्हेचे फवारे आहेत, माझी पुतणी मोबाईलवर अशा कामाचे व्हिडीओ दाखवते, त्यांत गोरे लोक मोठी मोठी यंत्रं लावतात. बघायला मजा येते. पण अडलेल्या स्क्रूवर मी अजूनही आधी खडूची रेघ ओढते. घाईत माणूस जोर वाढवत जातो. रेघ असली की कळतं, आपण जिंकतोय की नुसते ठोकतोय.

टक टक टक. शेक. रॉकेल. टक टक. मिलची दुपारची सुट्टी झाली, घरघराट थांबला, आणि त्या शांततेत माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला. मनात सारखं येत होतं की हे नाही निघालं तर मिस्त्री ही गोष्ट वडशाच्या प्रत्येक शिंप्याला सांगतील, आणि मग मी कुठल्याच मशीनवर बसू शकणार नाही. मी खाली वाकून रेघ पाहिली. सरळ. पुन्हा ठोकलं. पाहिलं.

रेघ मोडली होती.

एवढीशीच. ठोंब्यावरचा तुकडा डावीकडं सरकला होता. मला वाटलं माझा भास असेल. पण बळीरामभाऊंनी वाकून पाहिलं आणि आपल्या त्या रंगमंचाच्या आवाजात गरजले, "हललाऽ रे हललाऽ!" शेजारची कोंबडी ओरडली. मिस्त्रींनी सुपारी कातरायची थांबवली.

त्यानंतर तो भराभर नाही, पण मान टाकल्यासारखा येत गेला. पाव वळण, अर्धं वळण. आटा वर दिसायला लागला. बोटांत धरण्याएवढा वर आला तेव्हा माझ्या शेजारी जमिनीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. मिस्त्रींचा बारीक चिमटा होता. ते पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले होते, पाठ करून. मी चिमट्यात ठोंबा धरला, फिरवला, आणि तो माझ्या तळहातावर आला. गरम होता. आतले आटे शाबूत होते. एकही मोडला नव्हता.

मग शटल काढून रॉकेलनं धुतलं, सगळी लाख खरवडली. मिस्त्रींनी पेटीतून त्याच मापाचा एक स्क्रू शोधून दिला, आणि मशीनच्या तेलाची भरलेली कुपीही ठेवली. जाताना सायकलवर टांग टाकून म्हणाले, "पोट्टी, पेचकसाचं पातं पयले घासून खाचेएवढं करा लागते. आज मी नाई केलं." आणि गेले. एवढं ते बोलले, यासाठी मी त्यांनाही विसरत नाही.

मला वाटलं आता सगळं मिटलं. पण शेवंताबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे लाल होते. "दोन वर्ष झाले तुले या घरात," त्या म्हणाल्या. "तेल संपलं हे सांगाले तुले तोंड नव्हतं? मी काय खाऊन टाकली असती तुले?"

"मागितलं असतं त तुमी दिलं असतं," मी म्हणाले.

"मंग?"

"मंग अजून एक झालं असतं. तुमी देता, मी घेतो. भात देता, जागा देता, मशीन देता. मी कधी फेडू? म्हणून माझ्याजवळचं टाकलं. माझ्याजवळ तेवढंच होतं."

शेवंताबाई खाली बसल्या. त्यांना काहीतरी लागलं होतं, मला कळत होतं, आणि मला वाईटही वाटत होतं. पण मी ते मागं घेतलं नाही. आजही घेत नाही.

"अन् घरी नाई जाणार मी," मी पुढं म्हणाले. बोलायला लागलं की थांबता येत नाही, तसं झालं होतं. "मायले भेटाले जाईन, सणाले जाईन. पण पाठवली म्हणून नाई जाणार. मले मशीन येते. चुकली त मी सांगतलं, अन् मीच काढलं. मले इथी राहाचं आहे."

त्या उठल्या, मशीनवर बसल्या, सुईत दोरा ओवला, चाकाला हात लावला. चाक फिरलं. एक चिंधी खाली घातली आणि चार टाके मारून पाहिले. टाके एकसारखे आले. त्यांनी चिंधी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली, पायडलवर पाय तसाच होता. राणीचा पोशाख बाजूला पडला होता, लाल, जरीचा, अर्धा, आणि उजेड अजून तीन-चार तास होता.

मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. मला दोन वर्षांत जे मागता आलं नव्हतं ते मी तेव्हा मागितलं, आणि मागितलं म्हणण्यापेक्षा सांगितलंच.

"बाई, उठा. मी शिवतो."

शेवंताबाईंनी मान वळवून माझ्याकडं वर पाहिलं. मी नजर खाली नेली नाही. मग त्या उठल्या, आणि बाजूला होताना त्यांनी पायानं स्टूल थोडं पुढं सरकवलं, कारण माझे पाय त्यांच्याएवढे लांब नव्हते.